हरवलेल्या बॉम्बरमधली सात माणसं कशी शोधायची

पुण्यात होळकर पुलाजवळ खडकीची वॉर सिमेट्री आहे. रोज हजारो लोक बाजूने गाडीवरून जातात पण आत गेलेले फार थोडे. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ कबरी आहेत तिथे, गवत छान राखलेलं, सगळे दगड एका मापाचे. अशा दफनभूमीत फिरताना शेजारीशेजारी तीन-चार दगडांवर वायुदलाचा गरुड आणि एकच तारीख दिसली की बहुतेक वेळा समजायचं, हे एकाच विमानातले. कधीकधी तर चार-पाच जणांची मिळून एकच कबर असते, कारण कोणाचं शरीर कुठलं हे ओळखताच आलेलं नसतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथेच बराच वेळ उभा राहिलो होतो, आणि त्यानंतरच या शोधाच्या मागे लागलो.

आता बरेच जण विचारतात की एवढं सगळं शोधायचं कसं, म्हणून सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. सुरुवातीला मी विमानाच्या मागे होतो, इंजिन कुठलं, सिरीयल नंबर काय, बॉम्ब किती टनांचे, वह्या भरल्या, आणि मग लक्षात आलं की पायलट सोडून बाकीच्या सहा जणांची मला धड नावंही माहीत नाहीत. तसं करू नका. पहिल्या दिवशीच वहीची सात पानं सोडा, एकेका माणसाला एक. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरमध्ये सात जण असायचे, पायलट, फ्लाइट इंजिनिअर, वाट दाखवणारा नेव्हिगेटर, बॉम्बचा नेम धरणारा बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर. अमेरिकन बनावटीचं लिबरेटर बॉम्बर असेल तर नऊ-दहा पानं धरा.

उदाहरणासाठी एक क्रू घेऊ म्हणजे नुसतं हवेत बोलणं होणार नाही. १६ मे १९४३ च्या रात्री ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर विमानं इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टनहून जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. १३३ माणसं गेली, ८ विमानं परत आली नाहीत, ५३ जण मेले, ३ जण कैदी झाले. धरणं फुटली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या आठांतलं एक विमान, बिल ॲस्टेल या पायलटचं, धरणापर्यंत पोचलंच नाही, अगदी खालून उडताना जर्मनीत मारबेक नावाच्या गावाजवळ विजेच्या खांबाला धडकलं आणि शेतात पेटत जाऊन पडलं. सातही जण गेले. सगळे पंचविशीच्या आतले.

पहिली पायरी नाव आणि सर्व्हिस नंबर. ब्रिटन आणि कॉमनवेल्थ देशांच्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट फुकट आहे, तिथे नाव टाकलं की रँक, युनिट, तारीख, दफनभूमी, कबर क्रमांक आणि बऱ्याच वेळा आईवडिलांची नावं आणि गाव एवढं मिळतं. सर्व्हिस नंबर लगेच लिहून घ्या, कारण नावाचं स्पेलिंग दहा ठिकाणी दहा प्रकारे येतं, नंबर तसा बदलत नाही (साध्या शिपायाचा ऑफिसर झाला तर मात्र नवा नंबर मिळायचा, ते एक लक्षात असू द्या). मग त्याच तारखेचे, त्याच स्क्वाड्रनचे बाकीचे लोक त्याच साइटवर शोधा, कबर क्रमांक ओळीने येत असतील तर क्रू जवळजवळ सापडलाच.

इथे एक चूक सगळे करतात, मीही केली आहे. बॉम्बर रात्री निघायचे आणि पहाटे परत यायचे, त्यामुळे एका मोहिमेला दोन तारखा असतात. ॲस्टेलचं विमान १६ तारखेला रात्री दहाच्या सुमाराला निघालं आणि साधारण सव्वाबाराला पडलं, म्हणजे मृत्यू १७ तारखेचा. एकच तारीख टाकून शोधलंत तर काही जण निसटतात. वेळेचंही तसंच, तेव्हा ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे असायचं, म्हणून दोन कागदांवरच्या वेळा जुळत नसतील तर कोणालातरी खोटं ठरवायच्या आधी घड्याळ कुठलं ते बघा.

बॉम्बर कमांडचा, म्हणजे ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बर विभागाचा माणूस असेल तर इंग्लंडमधल्या लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचा लॉसेस डेटाबेस, म्हणजे मेलेल्यांची ऑनलाइन यादी, उघडाच. सुमारे सव्वा लाख लोकांनी बॉम्बर कमांडमध्ये विमानातून काम केलं आणि ५५,५७३ मेले, म्हणजे जवळजवळ निम्मे. हा आकडा मी दरवेळी लिहितो आणि दरवेळी पोटात गोळा येतो. ज्यांचं शरीर सापडलंच नाही अशा वीस हजारांहून जास्त हवाई सैनिकांची नावं लंडनजवळ रनीमीडच्या स्मारकावर आहेत, तेव्हा कबर सापडली नाही तर तिथलं पॅनल बघायचं.

दुसरी पायरी शेवटचं उड्डाण. ब्रिटिश स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक्स लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, एअर २७ या मालिकेत, आणि ऑनलाइन डाउनलोड होतात. त्यात फॉर्म ५४० म्हणजे स्क्वाड्रनची रोजनिशी आणि फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद, कोण कोण होते, किती वाजता निघाले, काय झालं. परत न आलेल्या विमानापुढे बऱ्याचदा एकच ओळ असते की उड्डाणानंतर काही कळलं नाही. तेवढीच ओळ बघून फाइल बंद करू नका, मागे जा. सहा महिने, आठ महिने मागची पानं काढा आणि हा क्रू कधी एकत्र आला, आधी कोणाबरोबर उडायचा, कोण कधी बदलला हे बघत या. ॲस्टेलच्या क्रूचंच बघा, बाकीचे बरेचसे आधी दुसऱ्याच पायलटबरोबर उडत होते, तो पायलट एका वेगळ्या क्रूसोबत गेला आणि मेला, मग हे पोरके झालेले लोक ॲस्टेलकडे आले. हे शेवटच्या रात्रीच्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं.

कामाची नावंसुद्धा जपून वाचा. एरवी लँकेस्टरच्या पाठीवर गनरचा घुमट असायचा, पण धरणाच्या मोहिमेसाठी तो काढून टाकला होता, म्हणून ॲस्टेलच्या क्रूमधला गनर फ्रँक गार्बस त्या रात्री पुढच्या घुमटात बसला होता. हे माहीत नसेल तर नोंदीत गडबड आहे असं वाटतं, गडबड काही नाही, विमानच बदललेलं होतं.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि तिला वेळ द्या, ती म्हणजे माणसाची स्वतःची फाइल. कुठल्या देशाच्या वायुदलाचा होता यावर सगळं अवलंबून आहे. ब्रिटिश असेल तर थोडं अवघड, सर्व्हिस रेकॉर्डसाठी अर्ज करून थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियन असेल तर तिथल्या नॅशनल आर्काइव्हजच्या ए ७०५ मालिकेत अपघाताच्या आणि बेपत्ता लोकांच्या फाइली आहेत, कितीतरी स्कॅन केलेल्या, घरबसल्या वाचता येतात. अमेरिकन असेल तर मिसिंग एअर क्रू रिपोर्ट मागे लागून शोधा, त्यात विमान शेवटचं कोणी कुठे पाहिलं याचे जबाब आणि घरच्यांचे पत्तेही असतात. आणि कॅनडियन असेल तर तुमचं नशीब फार चांगलं, कारण युद्धात मेलेल्यांच्या पूर्ण सर्व्हिस फाइली कॅनडाने खुल्या केल्या आहेत.

ॲस्टेलच्या विमानात तिघे कॅनडाचे होते. नेव्हिगेटर फ्लॉइड वाइल नोव्हा स्कोशियाचा, आणि वायरलेसवाला एब्रम गार्शोविट्झ आणि गनर फ्रँक गार्बस हे दोघे ऑन्टारियोमधल्या एकाच गावचे, हॅमिल्टनचे. एक ज्यू घरातला, दुसरा पोलंडहून आलेल्या आईवडिलांचा, आणि दोघे गावात एकत्र फुटबॉल खेळलेले. विचार करा, एवढ्या मोठ्या युद्धात एका गावचे दोन मित्र एका विमानात. निघायच्या आधी गार्शोविट्झने त्या मोठ्या बॉम्बवर खडूने लिहिलं होतं, चर्चिलचं प्रसिद्ध वाक्य फिरवून, की इतक्या थोड्यांकडून इतकी मोठी अपेक्षा कधी कोणी ठेवली नसेल, अशा अर्थाचं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला सुचेल असंच ते आहे.

या कॅनडियन फाइलींत भरतीचा अर्ज असतो तो अक्षरन्‌ अक्षर वाचा. शाळा कुठली, आधी नोकरी काय, खेळ कुठले, छंद काय, सगळं विचारलेलं असतं आणि स्वतःच्या हाताने भरलेलं असतं. पुढे आईला गेलेली तार आणि पत्रं, आणि मग सामानाची यादी. माणूस परत आला नाही की त्याच्या खोलीतलं सामान गोळा करून, मोजून, लिहून घरी पाठवायचे. मोजे किती जोड, रेझर, फोटोचं पाकीट, पेन, असं सगळं ओळीने. अशी यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं पान उलटायला मला दोन दिवस लागले. घाई करू नका, आणि एका बैठकीत सातही फाइली वाचायचा हट्ट तर अजिबात करू नका.

चौथी पायरी, शरीराचा प्रवास. ॲस्टेलच्या क्रूला जर्मनांनी आधी बोर्केन गावात पुरलं, आज ते जर्मनीतल्याच राइशवाल्ड फॉरेस्ट वॉर सिमेट्रीत आहेत, जिथे साडेसात हजारांहून जास्त कबरी आहेत आणि त्यात जवळपास चार हजार वायुदलाचे. युद्ध संपल्यावर ब्रिटिश वायुदलाची खास शोधपथकं युरोपभर गावोगाव फिरली, पाद्र्यांना, शेतकऱ्यांना, पोलिसांना विचारत, कबरी उघडून कपड्यावरच्या खुणांवरून माणसं ओळखत. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नावाच्या पानावर खाली जुन्या कागदांचे स्कॅन असतात, ते बरेच लोक उघडतच नाहीत. त्यात आधीची कबर कुठे होती आणि ओळख कशावरून पटली हे लिहिलेलं सापडतं. दुसऱ्या कागदावर दगडाच्या खालच्या भागात कोरायला घरच्यांनी निवडलेली ओळ असते, ती उतरवून घ्या.

पडलेल्या जागेचं गावही विसरू नका. मारबेकमध्ये विमान पडल्यावर बॉम्ब बाजूला घरंगळत गेला आणि दीडेक मिनिटाने फुटला, मोठा खड्डा पडला, घरांच्या काचा गेल्या, आणि जवळच असलेला सेंट जोसेफचा पुतळा मात्र तसाच उभा राहिला. ही गोष्ट लंडनच्या कागदात नाही, ती गावकऱ्यांनी सांभाळली. म्हणून त्या भागातल्या स्थानिक इतिहास मंडळाला पत्र लिहा, छोटं, नम्र, जमलं तर त्यांच्या भाषेत.

सरकारी निष्कर्ष शेवटचा मानू नका, हे मी लेडी बी गुड या विमानावरून शिकलो. अमेरिकन लिबरेटर, ४ एप्रिल १९४३ ला लिबियातल्या सोलुकहून इटलीतल्या नेपल्सवर निघालेलं, नऊ जण. परत आलं नाही, सगळ्यांना वाटलं समुद्रात पडलं, शोधही समुद्रातच घेतला. खरं म्हणजे ते अंधारात तळावरून पुढे निघून वाळवंटात कितीतरी आत गेलं होतं. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना वाळूत ते जवळजवळ अखंड दिसलं, आत माणूस एकही नाही. एकाचं पॅराशूट नीट उघडलं नाही, बाकीचे आठ जण अर्ध्या बाटलीभर पाण्यावर आठवडाभर चालत राहिले, दिवसाला झाकणभर पाणी. को-पायलट रॉबर्ट टोनरच्या खिशात डायरी सापडली, शेवटची नोंद १२ एप्रिलची, मदत अजून नाही आणि रात्र फार थंड, एवढीच. आठ जण सापडले, व्हर्नन मूर आजपर्यंत नाही. तेव्हा फाइलीत समुद्रात बुडाले असं असेल तर ते पाहिलं कोणी, की नुसता अंदाज, हे आधी तपासा.

जगण्याची बाजू भरायला १९३९ चं ब्रिटिश रजिस्टर बघा, २९ सप्टेंबर १९३९ ला घराघरात कोण राहतं आणि काय काम करतं याची ती नोंद आहे. गावातली जुनी वर्तमानपत्रं बघा, बेपत्ता झाल्याच्या बातमीत फोटो आणि शाळेचं नाव हमखास असतं. ऑफिसर असेल किंवा पदक मिळालं असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र.

आपल्या देशातून सुरुवात करायची तर बंगालमधल्या दिग्री आणि सालबोनीच्या तळांवरून ब्रिटिश लिबरेटर ब्रह्मदेशावर जायचे, त्यातल्या न सापडलेल्यांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर बघा. अरुणाचलच्या डोंगरात तर हॉट ॲज हेल नावाचं अमेरिकन लिबरेटर २५ जानेवारी १९४४ ला आठ जणांसकट नाहीसं झालं आणि थेट २००६ मध्ये सापडलं. असं काही तुमच्या वाटेत आलं तर तुकडा उचलून घरी आणू नका, फोटो काढा, जागा नोंदवा आणि संबंधित देशाच्या दूतावासाला कळवा. ब्रिटनमध्ये तर १९८६ च्या कायद्याने परवान्याशिवाय हात लावणं गुन्हा आहे, पण कायदा नसला तरी तिथे माणसं असू शकतात.

नातेवाईक सापडले तर पहिल्याच पत्रात सगळं सांगू नका. विमान कसं पेटलं, शरीर कुठल्या अवस्थेत होतं हे त्यांनी विचारल्याशिवाय लिहायचं नाही. मी आधी फक्त एवढंच विचारतो की त्या गेलेल्या माणसाला घरात काय म्हणून हाक मारायचे.

आणि खडकीला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, तिरपं ऊन असतं तेव्हा दगडावरची झिजलेली अक्षरं नीट वाचता येतात. वही न्या, पाणी न्या, आणि एक दगड लिहून झाला की त्याच्या डावीउजवीकडचे दोन्ही दगड लिहून घ्या.