वकिलांच्या ऑफिसात आयटीचं करिअर, सुरुवात कुठून करायची

बीसीए झालं की आपली पोरं सरळ पुण्याची गाडी धरायलेत, आणि इकडं संभाजीनगरात 1981 पासून हायकोर्टाचं खंडपीठ आहे, आता जालना रोडवर, आजूबाजूला वकिलांची ऑफिसंच ऑफिसं, पण तिथं कॉम्प्युटरवाला लागतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आधी आपल्या जालन्याचीच केस वाचा. 2014 च्या विधानसभेला अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले, मग कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, अर्ज वेळ संपल्यावर घेतले असं म्हणणं होतं आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ शूटिंग. 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मूळ डिव्हाइस कोर्टात आणलं नसेल तर कॉपीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65बी चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागणारच. आता 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मधे आहे, पार्ट ए पक्षकाराकडचा आणि पार्ट बी एक्स्पर्टचा, दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलवरून निघणारा एक लांब आकडा, फाइल जरा बदलली की तो पण बदलतो.

म्हणून पहिलं हॅश शिका, लई सोपं आहे. फोनमधला मूळ व्हिडिओ केबलनं कॉपी करा, एसएचए256 पद्धतीनं हॅश काढा, मग तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून पाठवून परत काढा, आकडा पार बदललेला दिसेल कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं. मी एका वकीलसाहेबांकडं काम करत होतो तेव्हा एक पक्षकार शेताच्या बांधावरच्या भांडणाचा व्हिडिओ घेऊन आला, फॉरवर्ड केलेला, आणि ओरिजनल डिलीट करून बसलेला, लई वाईट वाटलं त्या माणसासाठी. तेव्हापासून पक्षकार आला की माझं पहिलं वाक्य हेच, फोनमधलं काहीच पुसू नका.

बाकी रोजचं काम म्हणजे ई-फायलिंगसाठी स्कॅन करून सर्च होणारी पीडीएफ बनवणं, डिजिटल सही, सीएनआर नंबर म्हणजे केसचा 16 अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर, त्यावरून तारखा बघणं, बोर्ड म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी काढणं, बॅकअप. बॅकअपची एक कॉपी ऑफिसच्या बाहेर ठेवाच.

आणि गुप्तता, हे मी हात जोडून सांगतो. त्याच साक्ष्य अधिनियमातल्या कलम 132 चं बंधन वकिलाच्या क्लार्कला, नोकराला पण आहे, म्हणजे तुम्हाला पण. फाइलमधलं घरी सुद्धा बोलायचं नाही, पक्षकाराची कागदं स्वतःच्या जीमेलवर घ्यायची नाहीत.

वर्ष दोन वर्षं असं काढलं की मुंबईच्या मोठ्या फर्मला अर्ज करा, तिथं आयमॅनेजसारखं डॉक्युमेंट मॅनेजमेंट, ई-डिस्कव्हरीसाठी, म्हणजे केसच्या ढीगभर ईमेल-फाइलींतून कामाचं शोधायला, रिलेटिव्हिटी, सायबर सिक्युरिटी अशी वेगवेगळी कामं असतात. कायद्याची डिग्री लागतेच असं नाही, पण वकालतनामा आणि ॲफिडेव्हिटमधला फरक कळायला पाहिजे.

काम मागायला सकाळी जाऊ नका, कोर्टाची गडबड असते, संध्याकाळी सहानंतर जा आणि बायोडेटासोबत स्वतः बनवलेली इंडेक्स, बुकमार्कवाली एक पीडीएफ दाखवा.