दुर्बीण सांभाळायची तर
नांदूरमधमेश्वरला पक्षी बघून आलात की भिंगावर धूळ असणारच. शर्टाच्या टोकाने अजिबात पुसू नका. बारीक कणांनी भिंगावरच्या पातळ थरावर, म्हणजे कोटिंगवर, ओरखडे पडतात, ते कायमचे. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश. तरीही डाग राहिलाच तर भिंग पुसायचं द्रावण कापडाला लावा, थेट काचेवर नको, कडेने आत झिरपतं.

खरा वैरी पावसाळा. इगतपुरीहून भिजून आल्यावर दुर्बीण तशीच केसमध्ये कोंबली की बुरशी आलीच. पंख्याखाली वाळवा, मग ओल शोषणारं सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. (माझा डबा चिवड्याचा आहे, घरच्यांची त्यावर अजून नजर आहे.) बुरशी आत दिसली तर स्क्रू खोलायच्या भानगडीत पडू नका; आतला काचेचा प्रिझम जरा हलला तरी एकाचे दोन बगळे दिसतात.