जयपूरच्या जंतरमंतरवर सावलीवरून वेळ कशी वाचावी

सवाई जयसिंगाने जयपुरात उभारलेली दगडी वेधशाळा १७३४ च्या सुमारास पूर्ण झाली आणि २०१० मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. सिटी पॅलेसशेजारीच असल्यामुळे बहुतेक पर्यटक तिथे पाऊण तासात फेरी मारून बाहेर पडतात. मात्र ही यंत्रे नुसती पाहून कळत नाहीत, त्यांवर सावली सरकताना पाहावी लागते. म्हणून निरभ्र दिवस निवडावा आणि सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास आत शिरावे. आभाळ भरून आलेले असेल तर भेट दुसऱ्या दिवसावर टाकणेच उत्तम.

सर्वांत आधी सम्राट यंत्राकडे, म्हणजे इथल्या भव्य सूर्यघड्याळाकडे जावे. मधली त्रिकोणी भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे आणि तिचा उतारही जयपूरच्या अक्षांशाएवढा, म्हणजे जवळजवळ २७ अंशांचा आहे (दोन्ही आकडे जुळतात, हा योगायोग). त्यामुळे तिची तिरपी कड थेट खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते त्याकडे रोखलेली असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना खुणा कोरलेले वक्र चाप आहेत. सकाळी सावली पश्चिमेच्या चापावर पडून खाली उतरत येते आणि दुपारनंतर पूर्वेच्या चापावर चढू लागते. सावलीच्या कडेवर नजर ठेवून एक मिनिट उभे राहिले, तर ती सुमारे ६ सेंटिमीटर सरकलेली दिसते. चापावरच्या बारीक खुणा २ सेकंदांपर्यंतच्या आहेत, पण कड मात्र पुसट असते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने गडद सावलीपासून स्वच्छ उन्हापर्यंतचा पट्टा दोन मिनिटांच्या वेळेएवढा रुंद होतो. वाचन या पट्ट्याच्या मध्यावर घ्यावे.

हे वाचन घड्याळाशी जुळत नाही, म्हणून यंत्र चुकीचे ठरवू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, तर जयपूर सुमारे ७५.८ अंशांवर आहे. दर अंशामागे ४ मिनिटे धरली, तर जवळपास २७ मिनिटांचा फरक पडतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने सूर्य वर्षभर थोडा मागेपुढे होत राहतो. फेब्रुवारीच्या मध्यात सावली बारा दाखवते तेव्हा मनगटावरच्या घड्याळात १२ वाजून ४१ मिनिटे झालेली असतात, तर नोव्हेंबरच्या आरंभी केवळ १२ वाजून १०. जाण्याआधी त्या दिवसाचा फरक कागदावर टिपून नेला, तर जागेवर पडताळा घेता येतो.

त्यानंतर जयप्रकाश यंत्रापाशी थांबावे. जमिनीत खोदलेल्या दोन संगमरवरी वाडग्यांत आकाश जणू उलटे करून ठेवले आहे. वर ताणलेल्या तारांच्या छेदावरील गोल कड्याची सावली जिथे पडते, तेच सूर्याचे स्थान. निरीक्षकाला आत उतरता यावे म्हणून वाडग्यांत आलटूनपालटून मोकळे पट्टे सोडलेले आहेत, त्यामुळे सावली एका वाडग्यातल्या दगडावरून निघाली की दुसऱ्यात सापडते.

नाडीवलय या गोल सूर्यघड्याळाच्या दोन चकत्यांपैकी उत्तरेकडची साधारण २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात उन्हात असते आणि उरलेल्या काळात दक्षिणेकडची. राशिवलयाची बारा यंत्रे आपल्या राशीसोबत छायाचित्र काढणाऱ्यांनी गजबजलेली असतात, तिथे फार वेळ घालवू नये. त्यापेक्षा त्या दिवसाच्या मध्यान्हाला पाच मिनिटे उरली असताना पुन्हा सम्राट यंत्रापाशी यावे आणि सावली पश्चिमेचा चाप सोडून पूर्वेच्या चापाच्या तळाशी उमटते तो क्षण घड्याळात पाहून टिपून घ्यावा.