सावंतवाडीत मुक्काम कसा करावा

गोव्याला जाणारा बहुतेक महाराष्ट्र सावंतवाडीला बगल देऊन जातो. महामार्ग आता झाराप-पत्रादेवीच्या वळणरस्त्याने शहराबाहेरूनच निघून जातो, रेल्वेचे स्थानक गावापासून दूर मळगावला आहे, आणि ज्यांना समुद्र हवा असतो ते वेंगुर्ले किंवा मालवण गाठतात. त्यामुळे सावंतवाडी अनेकांच्या लेखी आंबोलीला जाताना चहासाठी थांबण्याचे ठिकाण एवढीच उरली आहे. हे शहर खरोखर पाहायचे असेल, तर निदान दोन रात्री इथे काढाव्यात आणि त्यांतला एक पूर्ण दिवस शहरातच, पायी फिरण्यासाठी राखून ठेवावा.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीची गाडी म्हणजे दादरहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी तुतारी एक्सप्रेस. तिचा प्रवास सावंतवाडी रोड स्थानकातच संपतो, त्यामुळे उतरायचे राहून जाईल अशी धास्ती नसते. स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात; भाडे बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे. विमानाने यायचे असल्यास गोव्यातील मोपा येथील विमानतळ जवळ पडतो. ऋतूंपैकी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गाव विलक्षण देखणे दिसते, पण पायी फिरण्याचा बेत पावसाच्या मर्जीवर राहतो. गणेश चतुर्थीच्या दिवसांत मात्र केवळ पर्यटनासाठी येऊ नये. त्या दिवसांत चाकरमानी घरी परतलेले असतात, गाड्यांची आरक्षणे कित्येक आठवडे आधी संपलेली असतात आणि ज्यांच्याकडून काही पाहायचे, विकत घ्यायचे, ते सगळे आपापल्या घरच्या गणपतीत गुंतलेले असतात. कोणाच्या घरचे आमंत्रण असेल तर गोष्ट वेगळी. मग मोती तलावातले विसर्जन चुकवू नये.

शहराची सुरुवात आणि मध्य, दोन्ही म्हणजे हा मोती तलाव. राजवाडा, बाजार, उद्यान, बसस्थानकाकडे जाणारा रस्ता, सगळे त्याच्या काठाने किंवा काठापासून चार पावलांवर मांडलेले आहे, म्हणून वाट चुकल्यास तलावाकडे परत यावे आणि पुन्हा निघावे. सकाळी सहाच्या सुमारास काठावर चालणाऱ्यांची वर्दळ असते, वाहने कमी असतात आणि पाण्यावर नरेंद्र डोंगराची हिरवी बाजू स्पष्ट उमटलेली असते. सायंकाळी हाच काठ गप्पांचा होतो. तलावाकाठी केशवसुत कट्टा आहे. ज्या गाडीने आपण आलो तिचे नाव याच कवीच्या कवितेवरून ठेवलेले आहे, हे तिथे बसल्यावर आठवले तर बरे वाटते. जवळच्या उद्यानाला जगन्नाथराव भोसले यांचे नाव आहे. आझाद हिंद सेनेतील हे सेनानी याच तालुक्यातल्या तिरोड्याचे.

राजवाड्यासाठी सकाळचा पूर्ण वेळ ठेवावा. सावंत-भोसले घराण्याचे हे संस्थान. वाड्याचा मुख्य भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. लाल जांभ्या दगडाचे बांधकाम, कमानी आणि समोर मोठे मोकळे आवार असे त्याचे रूप आहे. राजघराणे आजही इथे नांदते, त्यामुळे सगळीकडे वावरता येत नाही, आणि आत जाण्याच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात. बरेच लोक दरबार हॉलमध्ये चार छायाचित्रे काढून दहा मिनिटांत बाहेर पडतात. तसे करू नये, कारण इथली खरी पाहण्याजोगी गोष्ट भिंतीवर नसून कारागिरांच्या हाताखाली असते, आणि ती म्हणजे गंजिफा.

गंजिफा हे हाताने रंगवलेले गोल पत्ते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला इथे जवळपास संपत आली होती. राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी शेवटच्या जाणत्या कारागिरांपैकी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि वाड्यातच काम सुरू करून नव्या हातांना शिकवली. आज दरबार हॉलच्या परिसरात मांडी घालून, समोर बैठे मेज घेऊन रंगवत बसलेले चित्रकार दिसतात ते त्यामुळेच. परवानगी विचारून शेजारी थोडा वेळ थांबावे. तळहातात मावणाऱ्या गोल पानावर आधी पार्श्वभूमीचा रंग भरला जातो, मग आकृती, मग वस्त्रे, आणि शेवटी अगदी बारीक कुंचल्याने डोळे, दागिने व काठाची नक्षी. हात पानावर टेकवलेला असतो आणि हलतात ती फक्त बोटे. जुन्या पद्धतीत पानाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून ती घट्ट करत आणि वरून लाखेचा थर देत.

दशावतारी गंजिफेच्या एका संचात 120 पाने असतात. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, म्हणजे एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, अशी चिन्हे मोजून पानाची किंमत कळते. खेळाचे नियम विचारले तर रंगवणारे आनंदाने सांगतात आणि ऐकण्यासारखेही आहेत. दिवसा खेळ सुरू करायचा मान रामाचा राजा ज्याच्याकडे आला त्याला, तर रात्री कृष्णाचा राजा असलेल्याला; शिवाय निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे नवखा माणूस पहिल्या डावात हरणार हे ठरलेलेच. मोगल पद्धतीचा 96 पानांचा, आठ रंगांचा संचही इथे पाहायला मिळतो. पूर्ण संच महाग असतो आणि असायलाच हवा. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी सुटी पाने किंवा छोटी रंगीत पेटी घ्यावी, पण रंगवणाऱ्याशी भावाची घासाघीस करू नये.

राजवाड्यातून निघाल्यावर चितारआळी गाठावी. लाकडी खेळण्यांची ही गल्ली छोटी आहे, परंतु घाई केल्यास तिथे फसगत होते, म्हणून खरेदीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. सावंतवाडीची पारंपरिक खेळणी आणि फळे पांगाऱ्याच्या लाकडाची असतात. हे लाकूड वजनाला अतिशय हलके, मऊ आणि कोरायला सोपे. आंबा, केळे, सीताफळ, मिरची, वांगे असे सगळे खऱ्या आकारात मिळते आणि लांबून पाहणाऱ्याला हमखास चकवते. आंबा हातात घेऊन तोलून पाहावा. तो लाकडाच्या मानानेही हलका लागला पाहिजे. त्यानंतर देठाजवळची जागा पाहावी. चांगल्या कामात तिथे पिवळ्या रंगातून हिरवा रंग हळूहळू उतरत गेलेला दिसतो, घाईच्या कामात दोन रंगांची सरळ रेघ दिसते. भोवरे, भातुकली, बैलगाडी ही मुलांची खेळणी घेताना रंग ओल्या बोटाने चोळून पाहण्यात काही गैर नाही. दुकानदारही रागावत नाहीत. पोळपाट, लाटणी, पाट आणि चौरंग ही मात्र रोजच्या वापराची वस्तू, तेव्हा ती पांगाऱ्याची नव्हे, कठीण लाकडाची आहे ना हे स्पष्ट विचारावे. हल्ली याच गल्लीत बाहेरून आलेली यंत्रावरची आणि प्लास्टिकची खेळणीही शेजारी शेजारी मांडलेली असतात. ज्या दुकानाच्या मागच्या बाजूला कातकाम (लाकूड फिरवून आकार देणे) किंवा रंगकाम चालू असलेले दिसते, तिथून घेणे मला अधिक पटते.

आपला मुक्काम मंगळवारी येईल असे पाहावे, कारण त्या दिवशी आठवडा बाजार भरतो. आसपासच्या गावांतून भाजी, सुकी मासळी, कोकम, उकडा तांदूळ, फणसाचे गरे, मोसमात ओले काजू असे सगळे येते, आणि मालवणी बोलीतली घासाघीस ऐकायची तर यासारखी जागा नाही. जेवणासाठी मोठ्या हॉटेलांपेक्षा खानावळी बऱ्या. मासे खाणाऱ्यांनी आज काय ताजे आले आहे हे आधी विचारावे आणि मगच थाळी सांगावी. शाकाहारी लोकांची इथे उपेक्षा होते हा समज खरा नाही: काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे, मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ, नाश्त्याला घावणे आणि चटणी, हे पदार्थ मांसाहारी पानालाही मागे टाकतात. नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, कुठे मिळाले तर सोडू नयेत. ते रोज मिळत नाहीत.

कार्तिकात आलात तर रात्रीचा कार्यक्रम आपोआप ठरतो. या महिन्यापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. जवळच्या सोनुर्लीची माउलीची जत्रा लोटांगणांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथली गर्दी मोठी असते. नाटक निवांत पाहायचे असेल तर एखाद्या लहान गावची जत्रा बरी. कोणत्या रात्री कुठे, हे बाजारात कोणालाही विचारले तरी कळते. नाटक उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते, तेव्हा दुपारी झोप काढून, अंगावर घ्यायला शाल घेऊन जावे. लिखित संहिता नसताना केवळ कथानक ठरवून घेऊन नट उभ्याउभ्या संवाद रचतात, हे ऐकायला पुढे बसणे आवश्यक आहे. शिमग्याच्या सुमारास येणाऱ्यांनी जवळच्या कुणकेरी गावचा हुडोत्सव, म्हणजे उंच लाकडी खांबावर चढण्याचा उत्सव, कधी आहे याची चौकशी करावी.

दुसऱ्या दिवसासाठी दोन दिशा आहेत आणि दोन्ही एकाच दिवसात उरकू नयेत. एक दिशा आंबोलीची, सुमारे तीस किलोमीटरवर. वाटेत दाणोलीला साटम महाराजांचे समाधिस्थान लागते आणि मग घाट सुरू होतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटातील धबधब्यापाशी वाहनांची इतकी रांग लागते की तिथे जाण्यात अर्थ राहत नाही; आठवड्यातील मधल्या दिवशी सकाळी लवकर जावे. धबधब्यापेक्षा मी हिरण्यकेशीला अधिक वेळ देईन. नदीच्या उगमावरच्या या देवळाजवळच्या पाण्यात माशाची एक नवी प्रजाती सापडली, 2020 साली तिची नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. तिथे पाण्यात साबण, निर्माल्य किंवा खाऊ टाकू नये. कावळेसादला दरीतून वर येणारा वारा कोसळणारे पाणी उलटे उडवतो. कठड्याच्या पलीकडे जाण्याचा मोह मात्र आवरावा.

दुसरी दिशा कुडाळजवळच्या पिंगुळीची. ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या इथे जपल्या आहेत, आणि त्यांच्यापैकीच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांचे संग्रहालय पाहता येते, परंतु खेळ पाहायचा असेल तर आधी कळवून जावे, म्हणजे माणसे जमवायला त्यांना वेळ मिळतो. लहान मुले बरोबर असतील तर आंबोलीऐवजी पिंगुळीच निवडावी, आणि परतीच्या वाटेवर ऊन उतरले असेल तर नरेंद्र डोंगरावर जाऊन यावे. वरून तलाव, वाडा आणि सगळी कौलारू वस्ती एका नजरेत येते. हा परिसर जंगलाला लागून असल्यामुळे अंधार पडण्यापूर्वी खाली उतरावे. परतीची गाडी सकाळची असल्यास स्थानकावर जाण्यासाठी रिक्षा आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावी, आणि लाकडी फळे सामानाच्या पिशवीत तळाशी न ठेवता कपड्यांत गुंडाळून वर ठेवावीत, कारण पांगाऱ्याला दाब सोसत नाही.