कियांतीच्या पांढऱ्या रस्त्यांवर सायकल : या चुका टाळा

इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या द्राक्षमळ्यांमधून सायकल चालवायची असं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'रोज किती किलोमीटर?' चुकांची सुरुवात इथेच होते. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या कियांतीच्या टेकड्यांत आणि सिएनाच्या दक्षिणेला पसरलेल्या क्रेते सेनेसीच्या उघड्या माळरानात किलोमीटर हे माप फारसं कामाचं नाही. दिवसभरात चढ किती मीटर, पांढरा, म्हणजे खडीचा रस्ता किती आणि काल पाऊस पडला का, या तीन गोष्टी आधी बघा.

गायोले या गावातून १९९७ साली सुरू झालेल्या 'लेरोइका' या जुन्या सायकलींच्या राइडचं उदाहरण घ्या. तिचा मोठा मार्ग आता वर्षभर पाट्या लावून खुला असतो. तो २०९ किलोमीटरचा आहे, त्यातला जवळपास निम्मा खडीचा, आणि एकूण चढाई साडेतीन हजार मीटरहून जास्त. पुण्याहून ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्याला २०९ हा आकडा ओळखीचा वाटतो आणि तो एका दिवसाचा बेत आखतो. पण आपल्या घाटात चढ एकदा लागला की लय सापडते, माथ्यावर संपतो तेव्हा खरंच संपतो. इथे दीड किलोमीटर चढ, एक किलोमीटर उतार, लगेच पुन्हा चढ, असं दिवसभर चालतं. उतारावर खडी असल्याने तिथेही आराम मिळत नाही. हा मार्ग तीन दिवसांत करावा आणि मुक्काम मोंताल्चिनो, आशानो अशा गावांत ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एका दिवसात करणारे करतात, पण त्यांना ब्रोलियोचा किल्ला अंधारातच दिसतो.

चढावर मागचं चाक जागीच फिरतं

टायरला दोष देण्याआधी गिअर बघा. इथले चढ लांबीने छोटे, पण तीव्र. सिएनाजवळचा ले तोल्फे जेमतेम एक किलोमीटरचा, पण एके ठिकाणी १८ टक्क्यांपर्यंत जातो. डांबरावर अशा वेळी सीटवरून उठून जोर लावता येतो. खडीवर उठलात की वजन पुढे सरकतं, मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि चाक घसरतं. म्हणजे बसूनच चढायचं आणि त्यासाठी गिअर हलका हवा.

गणित सोपं आहे. पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांना सारखेच दाते असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.२ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी ८ किलोमीटर. सायकल आणि स्वार मिळून वजन ८५ किलो असेल, तर १५ टक्के चढावर या वेगाला २९० वॅटच्या आसपास ताकद लागते. ती दिवसातून दहा वेळा काढणारे आपल्यात थोडेच. पुढे ३० आणि मागे ४० दात्यांच्या आसपासचं गुणोत्तर मिळालं तर त्याच फेऱ्यांत वेग ताशी ६ वर येतो आणि गरज सव्वादोनशे वॅटच्या खाली उतरते. सायकल भाड्याने घेणार असाल तर रंग आणि ब्रँड विचारण्याआधी पुढची सगळ्यात छोटी चेनरिंग आणि मागचं सगळ्यात मोठं कॉग किती दात्यांचं आहे, ते लेखी विचारून घ्या.

हात बधिर होतात, सायकल सैरावैरा उड्या मारते

बहुतेक वेळा हवा जास्त असते. रोड बाइकच्या सवयीने लोक टायर दगडासारखा कडक करतात. सुमारे ७० किलोच्या स्वाराला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते, मागे थोडी जास्त. ट्यूब असेल तर चिमटा पंक्चर (दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते ते) टाळण्यासाठी आणखी तीन-चार पीएसआय वाढवा. गाड्यांच्या वर्दळीने रस्त्यावर आडव्या पन्हळी पडतात. त्या उतारावर लागल्या की हँडल घट्ट आवळू नका. कोपर सैल ठेवा, सीटवरून किंचित उठा आणि चाकोरीच्या कडेचा गुळगुळीत पट्टा शोधा. कधीकधी तो रस्त्याच्या भलत्याच बाजूला असतो. तिकडे जाण्याआधी समोरचं वळण मोकळं दिसतंय ना, ते बघा. हे रस्ते निर्मनुष्य दिसतात, पण मळ्यांचे ट्रॅक्टर आणि गावकऱ्यांच्या छोट्या गाड्या याच रस्त्याने येतात, आणि सप्टेंबरात द्राक्षतोड सुरू झाली की जास्तच.

वळणावर पडण्याचं कारणही ठरावीक असतं. सैल खडी चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला साचते. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की पुढचं चाक नेमकं तिकडे ओढलं जातं. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच कमी करायचा.

पावसानंतर चाक फिरायचंच बंद होतं

हा भाग नीट वाचा, कारण सहल इथेच मोडते. पांढरा रस्ता सगळीकडे एकाच मातीचा नसतो. उत्तरेकडे राद्दा, गायोले, ग्रेवेच्या परिसरात जमीन दगडाळ आहे. गालेस्त्रो नावाचा ठिसूळ, पापुद्रे सुटणारा खडक आणि आल्बेरेजे हा चुनखडीचा दगड. यातून पाणी लवकर निचरतं. दक्षिणेला क्रेते सेनेसीत मात्र नावाप्रमाणे ('क्रेता' म्हणजे चिकणमाती) चिकणमाती. ती कोरडी असताना सिमेंटसारखी घट्ट असते, ओली झाली की टायरला थरावर थर चिकटवत जाते, फ्रेम आणि चाकामधली फट भरते आणि चाक अडतं.

तेव्हा जोर लावून पॅडल मारू नका. चिखलाने अडलेली चेन डिरेलरला (मागचे गिअर बदलणारा भाग) ओढते आणि त्याला फ्रेमशी जोडणारा धातूचा तुकडा, म्हणजे हँगर, तुटतो. उतरा, काडीने फट मोकळी करा आणि उचलून किंवा गवताच्या कडेने ढकलत जवळचं डांबर गाठा. पिण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी फक्त डिरेलरच्या छोट्या चक्रांवर आणि चेनवर खर्च करा, बाकी सायकल मुक्कामी धुता येईल. खरा उपाय आदल्या रात्रीच करायचा: पाऊस झाला असेल तर दुसऱ्या दिवशी क्रेते सोडून उत्तरेच्या टेकड्यांत जा. क्रेतेतला मोंते सांते मारियेचा साडेअकरा किलोमीटरचा खडीचा पट्टा पाहण्यासारखा आहे. व्यावसायिकांच्या 'स्त्रादे बियांके' शर्यतीतही तो असतो. पण तो कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा. २०१८ साली ही शर्यत पावसात झाली, तेव्हा चिखलाने माखलेले स्वार एकमेकांपासून ओळखू येत नव्हते. त्यांच्यामागे जादा सायकली घेऊन गाडी होती, तुमच्यामागे नसणार.

विमानातून सायकल नेली असेल आणि गिअर आपोआप उड्या मारत असतील तर केबल पिळत बसू नका, आधी मागून हँगर बघा. खोक्यात दबून तो आत वाकलेला असतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि तुमचा तिथल्या छोट्या गावात मिळेलच असं नाही. एक जादा घरूनच न्या.

दुपारी दोन वाजता पोटात काही नाही

दुकानं साधारण एक ते साडेतीन-चार बंद असतात, छोट्या गावात रविवारी दुपारनंतर उघडतच नाहीत. १५ ऑगस्टला फेरागोस्तोची सुट्टी असते, त्याच्या आगेमागेही बरंच काही बंद. एकच्या आत खाणं विकत घेऊन खिशात ठेवा. शाकाहारी मंडळींचं आशानोपासून मोंताल्चिनोपर्यंत फार अडत नाही: लसणाच्या टोमॅटो सॉसमधली पिची (जाडसर शेवयांसारखा पास्ता), शिळ्या पावाचं रिबोल्लिता सूप. सूपमध्ये मांस आहे का, तेवढं विचारा. एक खोच आहे, टस्कनीच्या पावात मीठ नसतं. घाम गाळून नुसत्या पावावर दिवस काढलात तर पायात गोळे येऊ शकतात. मिठाच्या पुड्या किंवा इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या जवळ ठेवा.

पाण्यासाठी गावातले सार्वजनिक नळ शोधा. गाव नसेल तिथे दफनभूमीच्या फाटकाशी अनेकदा नळ असतो. 'नोन पोताबिले' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. क्रेतेत सावली जवळपास नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्ट टाळलेला बरा. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले.

वाइन? चाखायला हरकत नाही, पण सायकल लावल्यानंतर. रक्तातल्या अल्कोहोलची ०.५ ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा इटलीत सायकलस्वारालाही लागू आहे, आणि उन्हात दोन ग्लासांनंतर खडीचा उतार कायद्याआधीच शिक्षा करतो. बाटल्या पाठीवर घेऊ नका, मुक्कामी पाठवायची सोय होते का ते विचारा.

मेंढ्या दिसल्या, म्हणून फोटो काढायला थांबलो

क्रेतेत मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरे मारेम्मानो कुत्रे असतात. त्यांचं काम राखणीचं, आणि ते ते चोख करतात. वेगाने निसटायचा प्रयत्न केला की पाठलाग होतो. उतरा, तुमच्या आणि कुत्र्यांच्या मधे सायकल धरा, कळपापासून लांब राहून शांतपणे चालत पुढे जा.

नकाशाच्या अ‍ॅपवर विसंबून द्राक्षांच्या ओळींत शिरणंही नको. अ‍ॅपला पायवाट दिसते, 'प्रोप्रिएता प्रिवाता'ची (खासगी मालमत्ता) पाटी दिसत नाही. संध्याकाळी उशीर होणार असेल तर दिव्याबरोबर परावर्तक जॅकेट घाला. वस्तीबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून आणि बोगद्यांत ते सायकलस्वाराला बंधनकारक आहे.

परतीचं तिकीट काढतानाही घोळ होतो. अख्खी सायकल प्रादेशिक गाड्यांत, वेळापत्रकात सायकलचं चिन्ह असेल तिथेच चालते आणि तिचं वेगळं तिकीट लागतं. वेगवान गाड्यांत ती सुटी करून पिशवीतच न्यावी लागते. गायोलेला रेल्वे नाही, त्यामुळे बहुतेक जण सिएनाला उतरतात. सिएनाचं स्टेशन खोऱ्यात आणि जुनं शहर टेकडीवर आहे, म्हणून गाडीतून उतरण्याआधीच टायरची हवा बघून गिअर हलक्यावर टाकून ठेवा.