ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) इंजिनीअरिंगला प्रवेश झाला? शिष्यवृत्तीचे कागद पहिल्याच वर्षी लावा

वडील किंवा आई माजी सैनिक असतील, तर सुरुवात केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीपासून करा. मुलींना महिन्याला 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. ई अँड टीसी, कॉम्प्युटर, आयटी या पदव्या त्यात बसतात, डिप्लोमा बसत नाही. बारावीला (डिप्लोमा करून आलेल्यांना डिप्लोमाला) किमान 60 टक्के हवेत. अर्ज पहिल्या वर्षातच करायचा असतो. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना तेवढी सूट आहे. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याची संधी कायमची जाते.

इथे नाशिककरांचा एक गैरसमज नेहमीचा. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातली किंवा लष्करी आस्थापनेतली नागरी नोकरी म्हणजे माजी सैनिक नव्हे. ती मुले या योजनेत येत नाहीत. सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे निमलष्करी दलांसाठी वेगळी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात.

सैनिक बोर्डाच्या अर्जाला तीन नमुने महत्त्वाचे: माजी सैनिक असल्याचे प्रमाणपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, बोनाफाईड कॉलेजातून आणि खात्याचे प्रमाणपत्र बँकेतून. सोबत डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र, गुणपत्रिका. स्कॅन मूळ कागदाचेच करा, झेरॉक्सचे नको. अर्ज भरण्याआधी डिस्चार्ज बुकातले मुलाचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. तिथे ‘संतोष’चा ‘संतोषकुमार’ झाला असेल, तर दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसातून होते आणि तिला वेळ लागतो. पुढे दरवर्षी नूतनीकरणासाठी सगळे विषय सुटून किमान 50 टक्के लागतात. एक केटी (नापास विषय) राहिली तरी हप्ता अडकतो.

फौजी पार्श्वभूमी नसेल तर महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचे शिष्यवृत्ती पोर्टल. राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश) फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला काही मिळत नाही. पात्र मुलींची पूर्ण शिक्षण फी 2024-25 पासून माफ आहे. मुलांची निम्मी.

एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती योजना मुलींना वर्षाला 50,000 देते, डिप्लोमालाही लागू आहे, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालू असली की रद्द होते. म्हणून आधी हिशेब मांडा: फी 50,000 हून जास्त असेल तर फीमाफी बहुधा परवडते.

उत्पन्नाचा दाखला सेतूतून, आपापल्या तहसीलचा. 31 मार्चनंतर जुना चालत नाही, त्यामुळे बारावीच्या निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच काढायला टाका.

आणि पैसे न येण्याचे सर्वात सामान्य कारण: बँकेत आधार ‘जोडलेले’ असते, पण डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग, म्हणजे ते खाते आधारवर नोंदवणे, झालेले नसते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. तिथे भलतेच जुने खाते दिसले, तर पैसे तिकडेच जातात. अर्ज भरल्यावर दर आठवड्याला स्थिती बघा. तो कॉलेजच्या लॉगिनवर पडून असेल, तर शिष्यवृत्ती विभागाच्या क्लार्ककडे स्वतः जा.