परदेशात गो खेळायला निघताय? आधी मोजायला शिका

पासपोर्ट, तिकीट, कपडे, औषधं. हे कुणीही सांगेल. पहिलं काम वेगळं आहे: गो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर जागा घेरायचा खेळ, त्याची स्पर्धा कोणत्या नियमांनी खेळली जाणार ते आयोजकांच्या पत्रकात शोधा आणि कागदावर लिहून काढा. जपानी, चिनी, कोरियन की अमेरिकन? कोमी, म्हणजे पांढऱ्याला मिळणारे जादा गुण, साडेसहा की साडेसात? मागच्या वेळी मी बाकी सगळी तयारी केली आणि एवढंच पाहिलं नाही. हातात आलेला डाव मोजणीत गेला. तुमचा जाऊ नये म्हणून ही यादी.

नियमांनी असा काय फरक पडतो, असं वाटणं साहजिक आहे. बहुतेक डावांत कुठल्याही पद्धतीनं मोजलं तरी जिंकणारा तोच निघतो, आणि फसगत होते ती त्यामुळेच. जागतिक हौशी गो स्पर्धा १९७९ साली टोकियोत सुरू झाली आणि पुढं कितीतरी वर्षं जपानातच होत राहिली. २०१० साली ती चीनमध्ये हांगझोऊला गेली, २०१२ला ग्वांगझोऊला, २०१४ला कोरियातल्या ग्योंगजूला, २०१९ला परत जपानात मात्सुएला. यजमान बदलला की नियमही बदलू शकतात. कोरियाच्या पंतप्रधान चषकाला कोरियन नियम, अमेरिकेतल्या गो काँग्रेसला अमेरिकन. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये पास म्हणताना, म्हणजे आपली खेळी सोडताना, प्रतिस्पर्ध्याला एक सोंगटी द्यावी लागते. हे माहीत नसेल तर पहिल्याच डावात गोंधळ उडेल. ओळखीतलं कुणी आधी जाऊन आलं असेल तर त्यांना राहण्याखाण्याचं विचारा. नियम मात्र यंदाच्या पत्रकातूनच घ्या.

आता मुद्द्याचं. जपानी पद्धतीत घेरलेली मोकळी जागा आणि मारलेल्या सोंगट्या मोजतात. चिनी पद्धतीत मोकळी जागा आणि पटावर जिवंत असलेल्या सोंगट्या मोजतात. मारलेल्यांना किंमत नाही. दोघांच्या सीमेवर उरलेले बिनमालकीचे बिंदू, म्हणजे दामे, जपानी मोजणीत शून्य. चिनी मोजणीत प्रत्येक दामे एका गुणाची असते. आपण आंतरजालावर जपानी नियमांनी खेळत आलेलो असतो, त्यामुळं सीमा बंद झाल्या की हात आपोआप पासकडे जातो. चिनी नियमांत असा पास म्हणजे समोरच्याला फुकट दिलेला गुण. साडेसात कोमी असेल तर सामान्य डावात काळ्याला ३६१ पैकी १८५ बिंदू लागतात. माझे १८४ भरले. एक दामे मी सोडली होती. शेवटची दामे भरल्याशिवाय पास म्हणू नका. चिनी नियम असतील तर हे मनगटावर लिहून ठेवा, पण विसरू नका.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. सगळ्या दामे संपल्यावर चिनी मोजणीत आपल्याच जागेत खबरदारीची एक सोंगटी टाकली तर काही जात नाही. जपानी मोजणीत तिथं एक गुण कमी होतो. सेकी म्हणजे दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला मारू शकत नाही अशी कोंडी; तिच्यातल्या डोळ्यांची, म्हणजे घेरलेल्या मोकळ्या बिंदूंची, जागा चिनी पद्धतीत धरतात, जपानीत धरत नाहीत. आणि जपानी नियम असतील तर मारलेली सोंगटी चुकूनही परत वाटीत टाकू नका. झाकणात, समोरच्याला दिसेल अशी ठेवा. तिथं ती गुण आहे.

हे वाचून लक्षात राहत नाही, हातानं करावं लागतं. संगणक आपली मोजणी करून देतो, म्हणून चांगले दान, म्हणजे वरच्या दर्जाचे, खेळाडूसुद्धा पटासमोर अडखळतात. घरी १९ बाय १९ चा पट नसेल तर हार्डबोर्डावर आखून घ्या. काळ्या १८१ आणि पांढऱ्या १८० सोंगट्या मागवा, प्लॅस्टिकच्या चालतील. निघण्यापूर्वीचा महिनाभर रोज एक संपलेला डाव पटावर मांडा आणि स्पर्धेच्या पद्धतीनं मोजा. चिनी असेल तर मेलेल्या सोंगट्या उचला, एकच रंग घ्या, त्याची मोकळी जागा दहाच्या पटीत बसवा, मग त्याच रंगाच्या सोंगट्या दहादहाच्या ढिगांत मोजा. जपानी असेल तर कैद केलेल्या सोंगट्या त्या-त्या रंगाच्या जागेत भरा, उरलेल्या जागेचे चौकोन करा. रिवाजाप्रमाणं आपण समोरच्याची जागा लावतो, तो आपली. डोळे मिटून जमेपर्यंत करा. स्पर्धेच्या दालनात फोन बंद असतो, तिथं कुठलंही ॲप मदतीला येणार नाही.

आणखी एक, आणि यात हयगय नको. कोणता गट जिवंत, कोणता मेलेला, यावर दोघांचं एकमत होईपर्यंत पटावरची एकही सोंगटी हलवायची नाही. मतभेद असेल तर हात वर करून पंचांना बोलवा. संकोच वाटतो, भाषा आड येते, समोरचा वयानं मोठा असतो, तरीही बोलवा. चिनी मोजणी सुरू झाली की दुसऱ्या रंगाची मांडणी मोडते आणि मग दाखवायला काही उरत नाही.

घड्याळाचा सराव नियमांच्या खालोखाल. ब्योयोमी, म्हणजे मुख्य वेळ संपल्यावरची जादा वेळ, कोणती ते पाहा. तीस सेकंदांचे ठरावीक अवधी असतील तर शेवटचा अवधी संपला की डाव संपला. युरोपात कॅनेडियन पद्धत भेटते: ठरलेल्या मिनिटांत ठरलेल्या सोंगट्या, उदाहरणार्थ पाच मिनिटांत पंधरा. त्या मोजून बाजूला काढायच्या आणि वाटीवर झाकण ठेवायचं. ज्या हातानं सोंगटी ठेवली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. माऊसच्या सवयीनं घड्याळ दाबायचं राहून जातं आणि आपला वेळ पळत राहतो, म्हणून घरीही घड्याळ लावूनच खेळा.

प्रवेश कुठं मिळेल हेही आधी समजून घ्या. जागतिक हौशी स्पर्धेला आणि पंतप्रधान चषकाला देशागणिक एकच खेळाडू जातो, निवडीतून. युरोपियन गो काँग्रेस मात्र सगळ्यांना खुली आहे. १९५७ साली जर्मनीतल्या कुक्सहाफेनला ती सुरू झाली. आता दरवर्षी उन्हाळ्यात, नव्या शहरात, दोन आठवडे भरते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिथंच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. मुख्य स्पर्धेच्या दहा फेऱ्या, शनिवार-रविवारी वेगळी स्पर्धा, आणि हरलेल्या डावावर शांतपणे बोलायला नेहमी कुणीतरी भेटतं. तिथं मॅकमॅहन पद्धत असते, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या दर्जावरून सुरुवातीचे गुण ठरतात. दर्जा प्रामाणिकपणे सांगा. आंतरजालावरच्या फॉक्स या गो-संकेतस्थळावरचा दान दर्जा युरोपात तसाच्या तसा धरू नका. फुगवून सांगितलात तर पहिला आठवडा नुसता हरण्यात जाईल.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जुलैअखेरची स्पर्धा असेल तर मेपर्यंत थांबू नका, भेटीच्या वेळा उन्हाळ्यात मिळत नाहीत. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागून घ्या, किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा काढा, राहण्याचं आरक्षण जोडा. बँकेचे कागद नेहमीचे.

झोप. कोरिया आणि जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहेत, म्हणजे तिथली सकाळी नऊची फेरी ही तुमच्या शरीराची पहाटे साडेपाचची. आठवडाभर आधीपासून लवकर निजून पहाटे उठा आणि त्या वेळी खेळा. मध्य युरोप उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, तिथं रात्रीची फेरी जड जाते.

खाणं: शाकाहारी असाल तर जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क असतो. खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये खायला सुका मेवा.

पत्रक छापून बॅगेत ठेवा, नियमांच्या पानाला खूण करून. विमानात ते पान पुन्हा वाचा. दामे, पास, कोमी, सेकी, घड्याळ.

स्पर्धेच्या दिवशी: वीस मिनिटं आधी पोचा. टेबल क्रमांक पाहा. निगिरी, म्हणजे काळ्या कुणाच्या ते ठरवणं, होईपर्यंत वाटी धरू नका. वाटीत सोंगट्या खुळखुळवू नका. स्मार्टघड्याळ काढून ठेवा. पाणी जवळ ठेवा.

डाव संपला की निकाल दोघांनी मिळून नोंदवा. पुढच्या फेरीच्या जोड्या लागण्याआधी फलकावर तो बरोबर चढलाय का ते स्वतः जाऊन बघा. चुकला असेल तर तेव्हाच सांगा, जोड्या लागल्यावर दुरुस्ती अवघड होते.